रबरी नावेसाठी हलके यंत्र कसे निवडावे?

पुण्याच्या सदाशिव पेठेत ज्यांचे बालपण गेले, अशा वयोवृद्ध मंडळींना १२ जुलै १९६१ हा दिवस विसरता येणे शक्य नाही. त्या दिवशी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि मुठेचे पाणी लकडी पुलावरून वाहू लागले. नारायण, शनिवार व कसबा या पेठांप्रमाणेच सदाशिव पेठेच्या नदीकडील भागातही पाणी शिरले. ज्या वस्तीचा नावेशी कधी संबंध आला नव्हता, त्या वस्तीला त्या दिवशी नावेची गरज भासली. पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच पेठेजवळून वाहणाऱ्या आंबील ओढ्याला अचानक पूर आला, आणि नदीच नव्हे तर एखादा ओढादेखील घात करू शकतो, हे पुन्हा दिसून आले.

शहराची ही कथा, तर नदीकाठच्या खेड्यांची स्थिती काय वर्णावी! कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या काठच्या गावांनी २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही वर्षी महापूर सोसले. पूर्वी अशा प्रसंगी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड किंवा गूळ शिजविण्याची काहील पाण्यात लोटून माणसे पैलतीर गाठीत. आता हवा भरून फुगविण्याची रबरी नाव व तिच्या मागे बसविण्याचे लहानसे आऊटबोर्ड यंत्र अनेक ठिकाणी दिसू लागले आहे. नाव घडी करून गावच्या गोदामात ठेवता येते, यंत्र खांद्यावरून नेता येते, आणि एरवी तलावातील मत्स्यपालनासाठीही दोहोंचा उपयोग होतो. तथापि यंत्राची निवड चुकल्यास तेच साधन संकटाचे कारण ठरते. म्हणून खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी येथे क्रमाने दिल्या आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात.

पाणी दोन प्रकारचे

यंत्र निवडण्यापूर्वी आपली नाव कोणत्या पाण्यात चालवावयाची आहे, हे ठरविले पाहिजे. पुराचे पाणी दोन प्रकारचे असते. एक नदीच्या धारेचे, जे वेगाने वाहते, झाडे व ओंडके घेऊन येते आणि ज्यात भोवरे असतात. दुसरे फुगवट्याचे, जे गल्लीबोळांतून, शेतांतून व गावठाणात चढते आणि बऱ्याच अंशी संथ असते. लकडी पुलाखालचे पाणी व पेठेतील बोळात शिरलेले पाणी एकाच नदीचे असले, तरी नावाड्याच्या दृष्टीने ती दोन निराळी पाणी होत. लहान रबरी नाव व तिचे हलके यंत्र ही जोडी दुसऱ्या प्रकारच्या पाण्यासाठी आहे. पहिल्या प्रकारच्या पाण्यात तिने जाऊ नये.

यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. नाव पाणी कापीत चालते, तेव्हा ती स्वतःच्या पुढे व मागे लाट उठविते. नाव जितकी आखूड, तितक्या कमी वेगाला ही लाट तिला अडवू लागते. सुमारे ३ मीटर लांबीच्या भरलेल्या नावेला २ ते ५ अश्वशक्तीचे यंत्र लावले, तर ती ताशी ६ ते ७ किलोमीटरपर्यंत जाते. त्याहून अधिक वेग हवा असेल, तर नावेला पाण्याच्या पृष्ठभागावर उचलून घसरत नेणारी शक्ती लागते, आणि तेवढे यंत्र जड असते. आता प्रवाहच ताशी ७ किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर नाव प्रवाहाविरुद्ध एक हातही पुढे सरकणार नाही. यंत्र पूर्ण गर्जत असेल व नाव जागच्या जागी उभी असेल. तशात यंत्र बंद पडले, तर नाव धारेबरोबर कोठे जाईल याचा नेम नाही.

प्रवाहाचा वेग मोजण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. काठाने २० मीटर अंतर दोरीने मोजून दोन्ही टोकांस खुणा कराव्यात. वरच्या खुणेशी एक नारळ पाण्यात टाकावा आणि तो खालच्या खुणेपर्यंत किती सेकंदांत पोहोचतो, हे घड्याळावर पाहावे. ४० सेकंद लागले, तर प्रवाहाचा वेग ताशी सुमारे २ किलोमीटर. २० सेकंद लागले, तर ताशी सुमारे साडेतीन किलोमीटर. १० सेकंदच लागले, तर ताशी ७ किलोमीटरहून किंचित अधिक. नारळ २० सेकंदांच्या आत पोहोचत असेल, तर लहान यंत्राची नाव पाण्यात घालू नये. काठापेक्षा मध्यभागी धार अधिक वेगाची असते, हेही विसरू नये. अशा वेळी राष्ट्रीय किंवा राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या मोठ्या नावा व प्रशिक्षित जवान यांचीच वाट पाहावी. राष्ट्रीय दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यातच, सुदुंबरे येथे आहे. तिला पाचारण करण्यासाठी तहसीलदारांमार्फत वेळीच कळवावे.

वजन आधी, शक्ती नंतर

यंत्र घेताना पुष्कळ जण प्रथम अश्वशक्ती विचारतात. वास्तविक पहिला प्रश्न वजनाचा असावा. आऊटबोर्ड यंत्र बाजारात आणून ज्याने नाव मिळविले, त्या अमेरिकेतील ओल एविन्रूड याचे १९०९ च्या सुमाराचे यंत्र दीड अश्वशक्तीचे असून त्याचे वजन सुमारे २८ किलो होते. आज अडीच अश्वशक्तीची यंत्रे १३ ते १८ किलो वजनात मिळतात. ४ ते ६ अश्वशक्तीची यंत्रे साधारणतः २५ ते २८ किलोंची, ८ ते १० अश्वशक्तीची ४० किलोंच्या आसपास, आणि १५ अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक यंत्रे ५० किलोंच्या घरात जातात.

या आकड्यांचा अर्थ शेतकऱ्यास युरियाच्या पोत्यावरून सहज कळेल. युरियाचे पोते ४५ किलोंचे असते. पोते पाठीवर घेता येते. परंतु यंत्र वेडेवाकडे असते, त्याचे डोके जड व शेपूट लांब असते, आणि ते गुडघाभर चिखलातून, पावसात, कदाचित रात्री न्यावे लागते. नंतर डोलणाऱ्या नावेच्या मागच्या फळीवर ते नेमके बसवून आवळावे लागते. हे काम एका माणसाने करावयाचे असेल, तर १८ किलोंपर्यंतचे यंत्र घ्यावे. दोन माणसे नेहमी हाताशी असतील, तर २८ किलोंपर्यंत हरकत नाही. त्यापुढील यंत्र लहान रबरी नावेसाठी नको.

वजनाचे दुसरेही कारण आहे. यंत्र नावेच्या अगदी मागे टांगलेले असते व चालकही तेथेच बसतो. दोहोंचा भार शंभर किलोंच्या घरात गेला, की नावेची मागची बाजू दबते, पुढची उचलली जाते, आणि समोरील ओंडका किंवा तार चालकास दिसत नाही. नावेच्या मागील फळीजवळ बहुधा निर्मात्याची पट्टी लावलेली असते. तीवर माणसांची संख्या, एकूण भार व यंत्राची कमाल शक्ती दिलेली असते. यंत्राचे कमाल वजन पट्टीवर नसल्यास ते माहितीपुस्तिकेत पाहावे. या मर्यादांबाहेरचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले, तरी ते घेऊ नये. यास्तव नाव आधी व यंत्र नंतर, हाच खरेदीचा क्रम असावा.

टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक की विजेचे?

फवारणीचा पेट्रोल पंप वापरणाऱ्या शेतकऱ्यास टू-स्ट्रोक यंत्राची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. त्यात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. निर्मात्याने पन्नासास एक असे प्रमाण सांगितले असेल, तर ५ लिटर पेट्रोलमध्ये १०० मिलिलिटर तेल घालावे. हे यंत्र त्याच शक्तीच्या फोर-स्ट्रोकपेक्षा हलके व रचनेने साधे असते. पण धूर व आवाज अधिक करते आणि पेट्रोलही अधिक पिते. फोर-स्ट्रोक यंत्रात तेल वेगळे असते, इंधन कमी लागते व संथ चालीतही ते स्थिर चालते. मात्र ते आडवे ठेवताना निर्मात्याने सांगितलेल्या कुशीवरच ठेवावे लागते. अन्यथा तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि ऐन वेळी यंत्र सुरू होत नाही. हाताळणारी माणसे वारंवार बदलणार असतील, तर योग्य कुशीची बाजू रंगाने खूण करून ठेवावी.

विजेच्या बॅटरीवर चालणारे यंत्र आवाज करीत नाही, त्यामुळे पाण्याने वेढलेल्या घरातून कोणी हाक मारली, तर ती ऐकू येते. परंतु नेहमीच्या शिसे-आम्लाच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचेच वजन २५ ते ३० किलो असते, आणि ५० अँपिअर वीज खेचणारे यंत्र तिच्यावर हिशेबाने दोन तास व प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी चालते. लिथियम बॅटरीची यंत्रे हलकी असली, तरी महाग असतात. पुरात गावाची वीज जाते, मग बॅटरी भरावयाची कोठे? शांत तलावात मासळीस खाद्य घालणे, पिंजरे पाहणे अशा कामांसाठी हे यंत्र चांगले. पुरासाठी मात्र सध्या पेट्रोलवर चालणारे यंत्र अधिक विश्वासाचे होय.

यंत्र पाहताना तपासावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट दांड्याची लांबी. आखूड दांडा नावेच्या सुमारे ३८ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी व लांब दांडा सुमारे ५१ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी असतो. लहान रबरी नावेस बहुधा आखूड दांडा चालतो. तरीही घरून फळीची उंची मोजून न्यावी. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती नावेच्या तळाच्या पातळीस किंवा तिच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली यावी. पंखा फार वर राहिला, तर तो हवा ओढतो व नाव पुढे जात नाही. फार खाली गेला, तर उथळ पाण्यात बांधावर किंवा कुंपणावर आपटतो.

दुसरी गोष्ट न्यूट्रल गिअर. अगदी लहान काही यंत्रांत दोरी ओढताच पंखा फिरू लागतो. पाण्यात माणसे असताना हे फार धोक्याचे आहे. म्हणून यंत्र चालू असतानाही पंखा थांबविता येईल, अशीच रचना निवडावी. पंख्याभोवती जाळीचे संरक्षक कडे बसविता येत असेल, तर तेही घ्यावे.

तिसरी गोष्ट बंद करण्याची दोरी. ही लहानशी दोरी चालकाच्या मनगटास किंवा जीवरक्षक जाकिटास बांधावयाची असते. चालक पाण्यात पडला, की दोरी सुटून यंत्र तत्काळ बंद होते. ती नसेल किंवा तुटकी असेल, तर यंत्र घेऊ नये.

चौथी गोष्ट थंड ठेवण्याची व्यवस्था. पुष्कळ यंत्रे बाहेरचे पाणी आत ओढून थंड होतात व ते पाणी मागून बारीक धारेने बाहेर टाकतात. पुराच्या गढूळ पाण्यात ही वाट गाळाने बुजते. धार थांबली, की यंत्र लगेच बंद करावे. काही लहान यंत्रे हवेने थंड होतात. गाळाच्या पाण्यात ती अधिक सोयीची ठरतात.

पाचवी गोष्ट पंख्याची पिन. पुष्कळशा लहान यंत्रांत पंख्यास एक नरम पिन असते. पंखा कशावर आपटला, तर ती पिन तुटते व आतील दाते वाचतात. उसाचा पाला, वेली, प्लॅस्टिकच्या पिशव्या व कुंपणाची तार या आपल्याकडील पुराच्या नेहमीच्या वस्तू होत. म्हणून चार सुट्या पिना, एक प्लग, पाना, पक्कड व कोयता एका डब्यात घालून तो डबा नावेतच बांधून ठेवावा. आणि यंत्र कितीही चांगले असले, तरी दोन वल्ही बरोबर असलीच पाहिजेत.

सहावी गोष्ट दुरुस्तीची. सुटे भाग व दुरुस्ती करणारा कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणी नाही, असे यंत्र घेणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात अडगळ विकत घेणे होय.

भाराचा हिशेब

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांस बाहेर काढणारी नाव उलटली. तीत क्षमतेहून अधिक माणसे होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. अनेक ग्रामस्थ, आणि त्यांत स्त्रिया व मुलेही, मृत्युमुखी पडली. जी नाव जीव वाचविण्यासाठी निघाली, तिच्यातच जीव गेले. या घटनेचे स्मरण ठेवूनच पुढील हिशेब वाचावा.

समजा, नावेच्या पट्टीवर एकूण भार ४०० किलो दिला आहे. यंत्र २५ किलो, १२ लिटर पेट्रोल सुमारे ९ किलो, वल्ही, दोर, नांगर व हत्यारांचा डबा १५ किलो. उरले ३५१ किलो. चालक व त्याचा मदतनीस मिळून १४० किलो. उरले २११ किलो. एका प्रौढ माणसाचे वजन ६५ किलो धरले, तर एका खेपेस तीन माणसे. चौथे नाही. ओल्या कपड्यांचे व हातातील बोचक्यांचे वजन तर अजून धरलेलेच नाही. पट्टीवरील भारात यंत्र धरले आहे किंवा नाही, हे विक्रेत्यास विचारावे. उत्तर स्पष्ट न मिळाल्यास ते धरलेले आहे, असेच समजावे.

या हिशेबातून हलक्या यंत्राचा खरा लाभ ध्यानात येतो. ५० किलोंच्या यंत्राऐवजी २५ किलोंचे घेतले, तर एका लहान मुलाची जागा मोकळी होते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पाणी चढत असताना काठावरची माणसे पहिल्याच खेपेस नावेत का घुसतात? नाव परत येईल, असा त्यांना भरवसा नसतो म्हणून. जे यंत्र दोन ओढींत सुरू होते, जे दोन माणसे सहज उचलतात व जे दिवसभर न कुरकुरता खेपा करते, तेच यंत्र हा भरवसा देऊ शकते. तेव्हा यंत्राची कसोटी पहिल्या खेपेच्या वेगावर करू नये. दुसरी, तिसरी व दहावी खेप ते करील काय, यावर करावी.

नावेत किती जण बसतील, हा आकडा मोठ्या अक्षरांत नावेच्या दोन्ही बाजूंस रंगवावा. काठावर माणसे मोजण्याचे काम ज्याचा शब्द गाव मानते, अशा एका व्यक्तीकडे सोपवावे. आधी मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे. बोचकी काठावरच राहतील. जीवरक्षक जाकिटाशिवाय कोणालाही नावेत घेऊ नये. पाण्यातील माणसास नावेत ओढून घेताना यंत्र पूर्ण बंद करावे. पाणी चढले, की एरवी डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा हाताच्या अंतरावर येतात. म्हणून वीज बंद केल्याची खात्री झाल्यावाचून नाव गावात घालू नये.

निगा व सराव

वर्षभर गोदामात पडलेले यंत्र पुराच्या दिवशी दगा देते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. आपल्याच उसापासून होणारे हे इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि जुन्या पेट्रोलात पाणी वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून काम संपताच कार्ब्युरेटर व टाकी रिकामी करावी. पावसाळ्यात पेट्रोल दर महिन्यास बदलावे, व काढलेले पेट्रोल ताजे असतानाच दुचाकीत वापरून टाकावे. टू-स्ट्रोकचे तेल मिसळलेले पेट्रोल मात्र फवारणी पंपातच वापरावे. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू सुरू करताना उघडावा. हा स्क्रू उघडावयाचा राहिल्याने थोड्या वेळाने बंद पडलेली यंत्रे निष्कारण दुरुस्तीस जातात.

गढूळ पाण्यातून आल्यावर यंत्र स्वच्छ पाण्याच्या पिंपात उभे करून दहा मिनिटे चालवावे, म्हणजे आतील गाळ निघून जातो. मे महिन्यात नाव फुगवून एक रात्र तशीच ठेवावी. सकाळी हवा कमी झालेली आढळली, तर साबणाच्या पाण्याने छिद्र शोधावे. उन्हात हवा प्रसरण पावते, म्हणून भर दुपारी नाव गच्च भरून ठेवू नये. जून ते सप्टेंबर या काळात दर पंधरवड्यास यंत्र सुरू करून पाहावे व त्याची नोंद वहीत करावी. गावातील निदान चार तरुणांस, आणि त्यांत पोहता येणाऱ्या स्त्रियांसही, यंत्र बसविणे, सुरू करणे व पिन बदलणे ही कामे डोळे झाकून करता आली पाहिजेत. कारण पूर रात्रीही येऊ शकतो. नावेची नोंदणी व चालकाची पात्रता यांविषयीचे नियम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेत आधीच विचारून घ्यावेत.

थोडक्यात सांगावयाचे, तर नावेस झेपेल, दोन माणसांस उचलेल, जिल्ह्यात दुरुस्त होईल आणि संथ पाण्यात दिवसभर खेपा करील, असे लहानात लहान यंत्र निवडावे. वेगाच्या मोहाने त्याहून मोठे घेऊ नये. १९६१ साली पेठेच्या दारात पाणी आले, तेव्हा तयारीस अवधी मिळाला नाही. आपल्या गावास तो अवधी आज आहे. येत्या ग्रामसभेत २० मीटर दोरी, एक नारळ व भाराच्या हिशेबाचा कागद घेऊन या विषयास आरंभ करावा. यंत्राची खरेदी त्यानंतर.